तूप सोडलं, तरी चरबी का वाढते?

आपल्या बऱ्याच घरांत हे घडतं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघालं की आधी तूप आणि मटण बंद होतं. दस्तरखानवर भात, पाव, नान, शरबत आणि दिवसातून चार वेळा गोड चहा मात्र चालूच राहतो. काही महिन्यांनी वजन बघावं तर तेवढंच. मग आपण विचारतो, तेलकट तर काही खातच नाही, ही चरबी येते कुठून?

ती भात, मैदा आणि साखरेतूनही येते. कशी, ते समजून घेऊ या.

भात, पोळी, पाव, बटाटा पचला की त्याचं ग्लुकोज होऊन रक्तात उतरतं. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्याच्या मदतीने शरीर लागेल तेवढं ग्लुकोज वापरतं आणि उरलेलं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. पण हे कोठार लहान आहे. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास, बस्स.

कोठार भरलेलं असताना आपण खातच राहिलो तर दोन गोष्टी होतात. पहिली, शरीर आधी ग्लुकोज जाळतं, त्यामुळे त्याच जेवणातलं तेल-तूप न जळता चरबीच्या पेशींत जाऊन बसतं. बिर्याणी, त्यावर कोल्ड्रिंक आणि शेवटी जर्दा, अशी दावत अंगावर येते ती यामुळेच. दुसरी, यकृत जादा ग्लुकोजपासून स्वतःच चरबी बनवतं. त्यातली काही रक्तातून पोट-कमरेकडे जाते, काही यकृतातच साचते.

साखरेचा त्रास इथे जास्त. आपली साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते आणि फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावरच पडतो.

आता चहाचा हिशेब करू. एका कपात दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे, साधारण ३२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगलं. आपण बिस्किट, शरबत, मिठाई तर अजून मोजलीच नाही.

म्हणजे भात कायमचा सोडायचा का? नाही. ताटात भात थोडा कमी, डाळ, भाजी, कोशिंबीर जास्त. चहात दोनाऐवजी एक चमचा, मग अर्धा. आणि जेवल्यावर लगेच आडवं न होता थोडं चालणं. चालल्याने स्नायू ग्लुकोज वापरतात, कोठारात जागा होते.

घरात कुणाला डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण एकदम कमी करू नका, साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

तुपाचा डबा आपण उचलून ठेवलाच आहे. आता साखरेच्या डब्याकडेही बघू या.