समुद्र लांब आहे? मग तळ्याकाठी चला!

दोस्तांनो, थंडीच्या दिवसांत समुद्रकिनाऱ्यावर फिरायला किती मजा येते, याची वर्णनं तुम्ही पुस्तकांत वाचली असतील. ओली वाळू, लाटांचा आवाज, गर्दी नाही, गोंगाट नाही. पण आपण राहतो गोंदिया जिल्ह्यात! इथून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो तर मुंबईचा समुद्र जवळजवळ हजार किलोमीटरवर. मग आपण काय करायचं? नुसती चित्रं बघायची?

छे! आपला जिल्हा म्हणजे तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा वाटणीत आपल्याला जंगल मिळालं, भाताच्या बांध्या मिळाल्या आणि शेकडो तळी मिळाली. तुमच्या गावाबाहेरही एखादं तळं असेलच. आणि तळ्याला किनारा असतोच की!

या किनाऱ्यावर जायचे सगळ्यांत छान दिवस कोणते, माहीत आहे? डिसेंबर आणि जानेवारी. का ते पाहू या.

पाण्यातून वाफ कशी निघते?

थंडीत सकाळी साडेसहाच्या सुमाराला पाळीवर उभे राहा. पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा बांध, हे तुम्हाला सांगायला नकोच. समोरचं पाणी तुम्हाला चुलीवर ठेवल्यासारखं दिसेल! पांढरी वाफ वर येतेय, हळूच सरकतेय. पाणी उकळतंय का? नाही हो. रात्री जमीन आणि हवा लवकर गार होते. पाणी मात्र सावकाश गार होतं. त्यामुळे पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्याची वाफ वरच्या थंड हवेत शिरली की तिचे बारीक बारीक थेंब होतात. तेच हे धुकं. ऊन चढलं की तासाभरात ते नाहीसं होतं. म्हणून लवकर उठायचं, बरं का!

धानाची कापणी आटोपलेली असते. तळ्याचं पाणी थोडं मागे हटलेलं असतं आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडलेला असतो. आपल्याला तो नुसता चिखल दिसतो, पण पक्ष्यांसाठी ते वाढून ठेवलेलं ताटच! किडे, गोगलगायी, कंद, कोवळं गवत, सगळं त्यात असतं.

हिमालय ओलांडून आलेले पाहुणे

आता जेवायला कोण कोण येतं ते पाहा. शेपटी वरखाली हलवत धावणारा धोबी. पाण्याबाहेरच्या काडीवर बसलेला खंड्या. पंख पसरून ऊन खात बसलेला पाणकावळा. कमळाच्या पानांवरून टाचा न भिजवता चालणारा कमळपक्षी. त्याची बोटं इतकी लांब असतात, की वजन सगळ्या पानावर पसरतं आणि पान बुडत नाही.

थंडीत लांबचे पाहुणेही येतात. निरनिराळी बदकं येतात, चक्रवाक येतात. कधी कधी डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंसही दिसतात. हे हंस तिबेट, मंगोलियाकडून चक्क हिमालय ओलांडून येतात! सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडताना शास्त्रज्ञांनी त्यांची नोंद केली आहे. तिथली विरळ हवा माणसाला सोसवत नाही. पण या हंसांच्या रक्तात प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद जास्त असते. एवढा प्रवास करून आलेला पाहुणा आपल्या तळ्यात शांतपणे डोकं पंखात खुपसून झोपलेला असतो. त्याला उठवायचं नाही हं!

आणि मग आपला खास पक्षी सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच! पूर्ण वाढलेला सारस मोठ्या माणसाएवढा दिसतो. राखाडी अंग, लाल डोकं, लांब पाय. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियालाच यावं लागतं. शेजारच्या भंडारा आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यांतही थोडे आहेत. सारसाची जोडी बहुधा आयुष्यभर एकत्र राहते. पावसाळ्यात ती धानाच्या बांधीत किंवा पाणथळ जागेत घरटं करते. अंडी साधारण दोनच. थंडीत आईबाप आणि पिल्लू असं त्रिकूट तळ्याच्या काठी चरताना दिसलं, तर तुम्ही नशीबवान!

ही तळी केली कोणी?

तुम्ही म्हणाल, तळं काय, ते आपोआपच असणार. नाही दोस्तांनो! आपली बहुतेक तळी माणसांनी बांधली आहेत. इथला कोहळी समाज या कामात मोठा तरबेज. कुठल्या उतारावरून पाणी येतं, पाळ कुठे घालायची, जास्तीचं पाणी कुठून सोडायचं, हे त्यांना बरोबर कळे. मालगुजारीच्या काळातल्या या तळ्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात. हा मामा आईचा भाऊ नव्हे बरं! 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांतली पहिली दोन अक्षरं आहेत ती.

यातलं सगळ्यांत प्रसिद्ध तळं म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध. कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. या बहिणींनी बांध घालायला मदत केली, अशी गोष्ट आहे. कोलू पाटलांना पुढे लोकांनी देवच मानलं. कोलासूर देवाचं ठाणं तिथल्या टेकडीवर आहे. १९७५ साली या भागात राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला.

याच नवेगावबांधला मारुती चितमपल्ली नावाचे वनाधिकारी राहिले होते. मूळचे सोलापूरचे. नोकरी जंगलखात्याची, पण कान विद्यार्थ्याचे! कोळी, ढिवर, आदिवासी, गुराखी, जो भेटेल त्याच्याकडून ते पक्ष्यांची नावं आणि सवयी शिकत. मराठीत त्यांनी पक्षिकोश केला. बगळे-करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला त्यांनी 'सारंगागार' असा छान शब्द दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते आपल्यातून गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. म्हणून या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो.

मन जड झालं की

आता थोडं वेगळं बोलू. सहामाहीत गणितात गुण कमी पडले. जिवलग मैत्रिणीच्या बाबांची बदली झाली नि ती गावच सोडून गेली. आजोबा गेले, आणि त्यांची खुर्ची तशीच ओसरीवर आहे. अशा वेळी काय होतं? पुस्तक उघडलं तरी अक्षरं दिसत नाहीत. कोणी 'काय झालं?' असं विचारलं, की राग येतो. होतं ना असं?

अशा वेळी तळ्याकाठी तासभर चाललं, तर बरं वाटतं. हा नुसता आजीचा सल्ला नाही, शास्त्रज्ञांनीही याचा अभ्यास केला आहे. अमेरिकेत रॉजर उल्रिच यांनी पोटाचं एकाच प्रकारचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तर काहींना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्यावरची कडक औषधंही कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली छापून आला. जपानमध्ये तर १९८२ पासून जंगलात सावकाश हिंडण्याला 'शिनरिन-योकू', म्हणजे 'वनस्नान', असं नावच आहे!

असं का होत असेल? स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी एक उत्तर दिलं. गणित सोडवताना आपण मन ओढून एका जागी बसवतो. त्यानं ते दमतं. पाण्यावरची लहर किंवा उडणारा बगळा पाहायला मात्र मनाला ओढावं लागत नाही. ते आपणहून जातं आणि जाता जाता विसावतं.

दुःख आणि पक्षी यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. पारध्याच्या बाणानं क्रौंच जोडीतला एक पक्षी पडला, दुसरा विलाप करू लागला आणि ते पाहून वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक बाहेर पडला. ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तो क्रौंच म्हणजे आपला सारसच, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे पाहा, रामायणासारखं काव्य सुरू झालं ते नदीकाठी, एका पक्ष्याचं दुःख थांबून पाहिल्यामुळे!

पण एक गोष्ट खरी. तळं तुमचे गुण वाढवणार नाही आणि आजोबांना परत आणणार नाही. मन हलकं होईल, बोलायला शब्द सापडतील. मग घरी येऊन ते शब्द आईला, ताईला, सरांना सांगा. जडपणा बरेच दिवस गेलाच नाही, तर मुळीच गप्प राहू नका.

कसं चालायचं?

एकट्यानं जाऊ नका. मोठं कोणीतरी बरोबर घ्या. पाळीवरूनच चाला, पाण्यात उतरू नका. गाळ किती खोल आहे ते वरून कळत नाही. कपडे भडक नकोत. पक्ष्यांना दगड मारणं, हाकारणं, घरट्याजवळ जाणं अजिबात नको. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, असं ठरवा. नंतर वहीत तीन गोष्टी लिहा. आज काय दिसलं, काय ऐकू आलं, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं? पक्ष्याचं नाव येत नसेल, तर जाळं टाकणाऱ्या ढिवरकाकांना विचारा. त्यांना पुस्तकात नसलेलीही नावं माहीत असतात.

तळ्यालाही आपली गरज आहे

आपल्याला धीर देणारी ही तळी स्वतः मात्र आजारी पडत आहेत. कुठे गाळ साचलाय, कुठे बेशरमाची झुडपं माजली आहेत, तर कुठे पाळीवर कचऱ्याचे ढीग. शेतातली विषारी औषधं आणि विजेच्या तारा यांनी सारसांचे बळी जातात. महाराष्ट्रात सारस आता काही डझनच उरले आहेत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

पण चांगली बातमीही आहे. 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते दर वर्षी सारस मोजतात आणि बांधीत घरटं असलं, तर ते जपायला शेतकऱ्यांना सांगतात. कितीतरी शेतकरी तेवढा धानाचा तुकडा आनंदानं सोडून देतात. अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'बरोबर तळी सुधारायचं काम हाती घेतलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ्याची कोरडी जमीन नांगरली आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यामुळे गावठी मासे परत आले, नि त्यांच्यामागून पक्षीही!

तुम्हीही करू शकाल असं काही आहे का? आहे ना! वही नेमानं लिहा. दर थंडीत त्याच तळ्यावर जा. चार वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नसेल.

आई-बाबांसाठी दोन ओळी: रविवारच्या शिकवणीतून एक सकाळ मुलाला द्या आणि स्वतःही बरोबर जा. वाटेत अभ्यासाचा विषय काढू नका. मूल आपणहून बोलू लागलं, तर फक्त ऐका.

मग काय, या रविवारी कोणत्या तळ्यावर जाताय? स्वेटर-कानटोपी आठवणीनं घाला हं!