फुप्फुसाच्या कर्करोगाचे उशिरा होणारे निदान आणि प्रादेशिक भिन्नता : महाराष्ट्रातील कर्करोग नोंदणीच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

कर्करोगाच्या संदर्भात 'किती लोकांना झाला' या प्रश्नाइतकाच 'कोणत्या अवस्थेत कळला' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर रुग्णाचे भवितव्य बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. गाठ फुप्फुसापुरती मर्यादित असताना शस्त्रक्रिया शक्य असते व रोग बरा होण्याची वाजवी आशा असते. रोग यकृत, अस्थी किंवा मेंदूपर्यंत पोहोचल्यावर उपचाराचा हेतू आयुष्य वाढविणे व वेदना कमी करणे एवढाच उरतो. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही स्थानिक अवस्थेत निदान झालेल्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षे जगतात. रोग दूरवर पसरल्यावर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पुरुष रुग्णांपैकी ४४ टक्के व स्त्री रुग्णांपैकी ४७.६ टक्के रुग्णांमध्ये निदानाच्या वेळीच रोग दूरच्या अवयवांत पसरलेला होता. स्तन, गर्भाशयमुख, डोके व मान या अवयवांच्या कर्करोगांत 'स्थानिक पातळीवर वाढलेला रोग' हा गट सर्वांत मोठा होता. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र दूरवर पसरलेल्या रोगाचा गट सर्वांत मोठा ठरला. ही देशाची सरासरी आहे. ती प्रदेशागणिक कशी बदलते आणि त्या बदलाचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दर आणि प्रमाण : एक आवश्यक भेद

'उशिराच्या अवस्थेतील कर्करोग' मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत दर लाख लोकसंख्येमागे असे किती रुग्ण आढळले हे पाहिले जाते. यास दर म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत निदान झालेल्या एकूण रुग्णांपैकी किती टक्के रुग्ण उशिराच्या अवस्थेत होते हे पाहिले जाते. हे प्रमाण होय. या दोन्हींची गल्लत झाल्यास निष्कर्ष उलटे निघतात.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. 'अ' आणि 'ब' या दोन तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी एक लाख आहे. 'अ' मध्ये वर्षभरात १० रुग्णांचे निदान झाले व त्यांपैकी ८ उशिराच्या अवस्थेत होते. 'ब' मध्ये ४ रुग्णांचे निदान झाले व चारही उशिराच्या अवस्थेत होते. दर पाहिल्यास 'ब' ची स्थिती निम्म्याने चांगली दिसते. प्रमाण पाहिल्यास 'ब' ची स्थिती वाईट ठरते. आता 'ब' मधील आणखी चार रुग्ण क्षयरोगी समजले जाऊन कर्करोगाचे निदान न होताच दगावले असतील, तर तेथील खरा दर 'अ' इतकाच, म्हणजे ८ आहे. तो कागदावर मात्र ४ दिसतो. कमी दर हा कमी रोगाचा पुरावा असू शकतो, तसाच कमी निदानाचाही असू शकतो. प्रादेशिक भिन्नतेच्या अभ्यासातील मूळ अडचण हीच आहे.

वयरचनेचाही विचार आवश्यक असतो. फुप्फुसाचा कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो. ज्या प्रदेशात वृद्धांचे प्रमाण अधिक, तेथे रुग्ण अधिक दिसणारच. म्हणून वेगवेगळ्या प्रदेशांची तुलना करताना एका प्रमाणित लोकसंख्येच्या आधारे वयानुसार समायोजित केलेला दर वापरतात.

महाराष्ट्रातील नोंदणी : कोठे आहे, कोठे नाही

लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीची भारतातील सुरुवात महाराष्ट्रात झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत अशी पहिली नोंदणी स्थापन केली. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस अस्तित्वात आला. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तसेच तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या व प्रयोगशाळांच्या दप्तरांवर चालते. बार्शी परिसरात अशी दप्तरे अपुरी असल्याने कर्मचाऱ्यांनी गावोगावी जाऊन लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीसाठी प्रवृत्त केले आणि त्यातून नोंदी घडविल्या.

२०२० च्या अहवालात देशातील २८ नोंदणी केंद्रांची २०१२ ते २०१६ या कालखंडातील माहिती आहे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड ही केंद्रे त्यात समाविष्ट आहेत. नाशिक जिल्हा त्यात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाख ७ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातील कर्करोगाचे चित्र त्यामुळे शेजारच्या प्रदेशांवरून अनुमानाने रेखाटावे लागते.

सर्वांत कमी दराचा अर्थ

याच अहवालातील एक नोंद विचार करावयास लावणारी आहे. सर्व प्रकारच्या कर्करोगांचा वयानुसार समायोजित दर देशात सर्वांत कमी उस्मानाबाद-बीड येथे आढळला : दर लाख पुरुषांमागे ३९.५ व दर लाख स्त्रियांमागे ४९.४. पुरुषांमधील सर्वोच्च दर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्याचा, म्हणजे २६९.४ होता, स्त्रियांमधील सर्वोच्च दर अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्याचा, म्हणजे २१९.८ होता. एकाच देशातील दोन प्रदेशांच्या पुरुषांमध्ये जवळजवळ सातपट अंतर आहे.

या अंतराचा काही भाग निश्चितच खरा आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण धूम्रपान आहे आणि मिझोराममध्ये ते फार मोठ्या प्रमाणावर आढळते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखूसेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २६.६ टक्के होते. परंतु त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. महाराष्ट्रातील तंबाखूचा मोठा भार मुखावर पडतो, फुप्फुसावर तुलनेने कमी. म्हणून मराठवाड्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचा दर ईशान्येकडील राज्यांपेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे.

तथापि संपूर्ण अंतराचे स्पष्टीकरण एवढ्याने होत नाही. ज्या प्रदेशात सी.टी. स्कॅन, ब्रॉन्कोस्कोपी आणि ऊतक तपासणीची सोय दूर आहे, तेथे फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान मुळातच कमी होते. गर्भाशयमुखाचा किंवा मुखाचा कर्करोग प्रशिक्षित नजरेला दिसू शकतो. फुप्फुसाची गाठ छातीच्या आत दडलेली असते. मृत्यूच्या नोंदीतूनही ही उणीव भरून निघत नाही, कारण २०२० मध्ये देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. खेड्यात घरी झालेल्या मृत्यूचे कारण बहुधा 'दमा', 'खोकला' अथवा 'म्हातारपण' असेच सांगितले जाते.

विलंबाचे टप्पे

निदानास होणारा विलंब तीन टप्प्यांत विभागता येतो. पहिला विलंब रुग्णाकडून होतो. खोकला हे लक्षण इतके परिचित आहे की विडी ओढणारा मनुष्य त्याला विडीचा खोकला समजतो, तर चुलीपुढे आयुष्य काढलेली स्त्री धुराचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरातील कोळशाच्या धुराला कर्करोगकारक आणि लाकूड-गोवरीच्या धुराला संभाव्य कर्करोगकारक ठरविले आहे. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीला हा रोग होणार नाही, हा समज म्हणूनच घातक आहे.

दुसरा विलंब प्राथमिक आरोग्य सेवेच्या पातळीवर होतो आणि भारतात त्याचे प्रमुख कारण क्षयरोगाशी असलेले साम्य हे आहे. दीर्घकाळचा खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे, क्ष-किरण चित्रातील डाग ही लक्षणे दोन्ही रोगांत आढळतात. क्षयरोग अधिक प्रचलित असल्याने वैद्यकाने प्रथम त्याचा विचार करणे तर्कसंगतच आहे. चूक होते ती थुंकीत जंतू न सापडताही उपचार सुरू ठेवून, सुधारणा नसताना पुनर्विचार न केल्याने. क्षयरोगाचा नेहमीचा औषधक्रम सहा महिन्यांचा असतो. तेवढ्या अवधीत फुप्फुसातील गाठ शस्त्रक्रियेच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते.

तिसरा विलंब संदर्भसेवेचा आहे. नाशिक जिल्ह्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. जिल्ह्यातील १५ तालुक्यांपैकी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर यांसारखे पश्चिमेकडील तालुके आदिवासीबहुल व डोंगराळ आहेत. अनुसूचित जमातींचे प्रमाण जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे एक चतुर्थांश आहे. कर्करोगाच्या तज्ज्ञ सेवा मात्र नाशिक शहरात एकवटलेल्या आहेत. क्ष-किरण चित्र एका ठिकाणी, सी.टी. स्कॅन दुसऱ्या ठिकाणी, ऊतक तपासणी तिसऱ्या ठिकाणी आणि अहवालासाठी पुन्हा एक फेरी, असा प्रवास रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे ओळखली जाणारी जनआरोग्य योजना मुख्यत्वे रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते. निदानापूर्वीच्या फेऱ्या व बुडालेली मजुरी कुटुंबाच्याच माथी राहते.

नोंदणीच्या दृष्टीने स्थलांतर हाही एक प्रश्न आहे. पश्चिम पट्ट्यातील मजूर हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत असतात. अनेक रुग्ण उपचारासाठी थेट मुंबई गाठतात. रुग्णालयाच्या दप्तरावरून रुग्णालयात कोण आले ते कळते. कोणत्या गावातील किती जण आजारी पडले ते कळत नाही. त्यासाठी लोकसंख्येवर आधारित नोंदणीच हवी, जिच्यात रुग्णाचा नेहमीचा रहिवास तपासूनच नोंद केली जाते.

चांगल्या सोयींमुळे दिसणारी वाईट आकडेवारी

येथे आणखी एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. शहरात पेट स्कॅन सहज उपलब्ध असल्याने अस्थी किंवा यकृतातील अगदी लहान प्रसारही सापडतो आणि रुग्णाची नोंद चौथ्या अवस्थेत होते. तोच रुग्ण केवळ क्ष-किरणाची सोय असलेल्या गावी असता तर त्याची नोंद आधीच्या अवस्थेत झाली असती किंवा 'अवस्था अज्ञात' अशी राहिली असती. अमेरिकन वैद्यक अल्व्हान फाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्याच रुग्णांवरून हे अवस्थांतर दाखवून दिले होते. म्हणून दोन प्रदेशांतील उशिराच्या निदानाचे प्रमाण ताडून पाहताना किती रुग्णांची अवस्था अज्ञात आहे आणि किती निदाने ऊतक तपासणीने सिद्ध झाली आहेत, या दोन बाबी तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

बार्शी-उस्मानाबादचा धडा आणि त्याची मर्यादा

उशिराचे निदान ही अटळ बाब नाही, हे याच प्रदेशाने सिद्ध केले आहे. बार्शी परिसरातील लोकशिक्षणानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९० च्या दशकात दिसून आले. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला तुलनात्मक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीने त्या गटातील वाढलेल्या अवस्थेतील कर्करोग व त्यापासून होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

फुप्फुसाच्या बाबतीत इतका सोपा मार्ग उपलब्ध नाही. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक अतिधूम्रपानी व्यक्तींवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मात्रेच्या सी.टी. स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. परंतु क्षयरोगाचे जुने व्रण बाळगणाऱ्या समाजात अशा स्कॅनमध्ये कर्करोग नसलेले असंख्य डाग दिसतील आणि प्रत्येकाचा पाठपुरावा करावा लागेल. शिवाय धूम्रपान न करणारे रुग्ण या चाळणीबाहेरच राहतील. म्हणून लक्षणे असलेल्या रुग्णाचे निदान जलद करणे हा येथील अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो. क्षयरोगाची यंत्रणा गावपातळीपर्यंत पोहोचलेली आहे. थुंकीत जंतू न आढळलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि उपचाराने न सुधारणाऱ्या रुग्णाला ठरावीक मुदतीत सी.टी. स्कॅनसाठी पाठविण्याचा नियम त्याच यंत्रणेत बसविता येण्यासारखा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. उशिराच्या अवस्थेतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रादेशिक दर धूम्रपान, धूर व वयरचना यांच्याबरोबरच निदानाच्या सोयींवर अवलंबून असतो. कमी दर असलेला प्रदेश सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही. दर, प्रमाण, अज्ञात अवस्था व ऊतक तपासणीचे प्रमाण ही चारही मापे एकत्र पाहिल्यासच चित्र विश्वसनीय ठरते.

या भेदाचे महत्त्व केवळ संख्याशास्त्रीय नाही. आरोग्यावरील निधी व यंत्रसामग्री आकड्यांच्या आधारे वाटली जाते. जेथे निदान होत नाही तेथे आकडा लहान राहतो, आकडा लहान म्हणून सोय येत नाही आणि सोय नाही म्हणून निदान होत नाही. हे चक्र तोडण्याची पहिली पायरी नोंदणी ही आहे. बार्शीने ती १९८७ मध्ये साधनांच्या अभावातही चढून दाखविली. नाशिकसारख्या मोठ्या जिल्ह्यात, जेथे १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, ती चढणे अशक्य मानण्याचे कारण नाही. भूगोल, संख्याशास्त्र, समाजकार्य आणि समाजशास्त्र या विषयांचे अध्यापक व विद्यार्थी यांना गावपातळीवरील सर्वेक्षणात सहभागी होण्यास त्यात पुरेसा वाव आहे. सुरगाण्यातील खोकणाऱ्या माणसाची मोजदाद झाली, तरच त्याच्यासाठी सोय उभी करण्याची मागणी आधारासह करता येईल.