डाळ खिम्याचं पाणी पिते

लखनौच्या शामी कबाबात चणाडाळ कशाला घालतात? खिमा पुरवठ्याला यावा म्हणून, हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच.

नुसता खिमा कढईत परता. बघता बघता तो आकसतो, पाणी सुटतं आणि चार ताटांत वाढताना हात आखडता घ्यावा लागतो. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातलं कोलॅजेन आक्रसतं आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर ढकलतं. आता गंमत पाहा: जवळपास त्याच तापमानाला डाळीतल्या स्टार्चचे कण फुगायला लागतात आणि पाणी शोषून घेतात. एकाने सोडायचं, दुसरीने तिथल्या तिथे टिपायचं! शामीची कृती याचा पुरेपूर फायदा उठवते. खिमा, डाळ, आलं-लसूण, लाल मिरच्या, खडा मसाला असं सगळं एकाच भांड्यात पाणी आटेपर्यंत शिजतं आणि मग एकत्र वाटलं जातं. चव वाहून जायला वाटच उरत नाही. शिवाय वाटलेली डाळ टिक्की फुटू देत नाही.

खरं नवल मात्र याच्या पुढे, पोटात घडतं. कडधान्यांत लोह भरपूर, पण शरीराला त्यातलं फार थोडं घेता येतं. व्हेनेझुएलाचे रक्तविज्ञान संशोधक मिगेल लायरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात काळ्या घेवड्याची झाडं किरणोत्सारी लोह देऊन वाढवली. हेतू हा, की त्या दाण्यांतलं लोह खाणाऱ्याच्या रक्तात ओळखता यावं. घेवड्यासोबत मांस किंवा मासे खाल्ले, तेव्हा घेवड्यातलंच लोह जास्त शोषलं गेलं. म्हणजे मूठभर खिमा स्वतःचं पोषण देतोच, वर डाळीचंही कुलूप उघडतो. हे नेमकं कसं होतं, यावर अजून एकमत नाही.

मग प्रमाण किती? अर्धा किलो खिम्याला पाव किलो कोरडी डाळ ही माझ्या मते शेवटची हद्द. त्यापुढे जीभ फसत नाही. कबाबाचा वडा होतो. रश्श्याच्या खिम्यात उकडलेला राजमा अर्धवट ठेचून घातला, तर थोडा जास्तही खपतो. राजमा मात्र भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळूनच घ्या. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं.

आणि वाढताना लिंबू पिळायला विसरू नका, त्यानेही डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणावरचा चहा तेवढा तासभर पुढे ढकला.