घरी राहून ग्रंथपालाची पदवी

ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा आणि पुस्तक उशिरा परत आले तर दंड मागणारा गृहस्थ, अशी समजूत आपल्याकडे अजूनही पुष्कळांची आहे. या कामासाठी विद्यापीठाची पदवी लागते हे सांगितले म्हणजे कित्येकांस नवल वाटते, आणि ती पदवी आता घरी राहून, संगणकावर अभ्यास करून मिळविता येते असे सांगितले म्हणजे तर सरळ शंकाच येते. या दोन्ही गोष्टींचा थोडा खुलासा संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत करावा, असे आम्हांस वाटले. संस्था दरवर्षी शिष्यवृत्त्या देते आणि संस्थेचे एक वाचनालयही आहे. प्रस्तुत विषयाचा संबंध दोहोंशी पोचतो.

वास्तविक बडोदेकरांस तरी या विद्येचे नवल वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वाचावयास शिकलेल्या माणसास पुढे वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेलेही तो विसरतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास बोलावून घेतले आणि राज्यभर वाचनालयांची योजना आखविली. पुस्तकांच्या पेट्या भरून त्या खेडोपाडी धाडल्या जात. परंतु पुस्तके पाठविली तरी ती सांभाळणारी व वाचकाच्या हाती देणारी माणसे हवीत. यास्तव १९११ मध्ये येथे ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग उघडण्यात आला. हिंदुस्थानातील या प्रकारचे हे पहिलेच पाऊल होय. मांडवीनजीकचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या कार्याची साक्ष देत आजही उभे आहे.

आता या विद्येत शिकावयाचे काय, ते पाहू. पहिला विषय वर्गीकरण. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून प्रत्येकास अंक देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीनुसार मराठी वाङ्‌मयास ८९१.४६, गुजरातीस ८९१.४७ आणि उर्दूस ८९१.४३९ असा अंक पडतो. आमच्या अब्बांच्या पेटीत मराठी व उर्दू पुस्तके एकत्र ठेवलेली असत. घरात ते चालते. दोन हजार पुस्तकांच्या वाचनालयात मात्र अंकाशिवाय एक पुस्तक शोधता शोधता वाचकाचा अर्धा तास जातो आणि तो पुन्हा येत नाही.

दुसरा विषय सूची तयार करण्याचा. हे काम दिसते तितके सोपे नाही. नाटककार राम गणेश गडकरी आणि कवी गोविंदाग्रज ही एकच व्यक्ती. ‘नटसम्राट’ लिहिणारे वि. वा. शिरवाडकर आणि कवी कुसुमाग्रज हेही एकच. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आता सूचीत त्यांस ‘शेख’खाली घालावे, ‘अमर’खाली घालावे की ‘पटेल’खाली? कोणत्याही नावाने शोध घेणारा वाचक अखेर एकाच ठिकाणी पोचला पाहिजे. त्यासाठी नियम ठरलेले आहेत, आणि ते शिकावे लागतात. यांखेरीज पुस्तकांची निवड, वाचकाच्या प्रश्नांस उत्तरे शोधून देणे, जुन्या ग्रंथांचे जतन, ग्रंथालयाचा हिशेब व व्यवस्थापन आणि आता संगणकाचा वापर हे विषय असतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक कडीकुलपात राखण्यापेक्षा ते वापरात येणे महत्त्वाचे, असा त्यांतील पहिल्या सूत्राचा आशय आहे.

आपल्या देशात या शिक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. कोणत्याही विषयाची पदवी घेतल्यानंतर एक वर्षाची ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी, आणि तिच्यानंतर त्याच विषयातील पदव्युत्तर पदवी. ज्यांस शक्य आहे त्यांनी महाविद्यालयीन वर्गात बसून शिकावे. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु नोकरी करणारे तरुण, लहान मुले असलेल्या गृहिणी, वृद्ध आईवडिलांची सेवा करणाऱ्या मुली यांनी काय करावे? त्यांच्यासाठी दूरशिक्षणाचा मार्ग आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिकविण्यास आरंभ केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या दोन्ही पायऱ्यांचे शिक्षण मिळते. टपालाच्या जोडीस आता ऑनलाइन वर्ग आले आहेत.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचे स्वरूप साधारणतः असे असते. चित्रफितीवर व्याख्यान ऐकावे, सोबतचा पाठ वाचावा, शंका चर्चेत विचाराव्यात आणि स्वतःची परीक्षा स्वतः घ्यावी. मधूनमधून स्वाध्याय लिहून द्यावे लागतात. एकूण गुणांत स्वाध्यायांचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के असतो. उरलेले गुण सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेवर अवलंबून असतात. घरबसल्या म्हणजे सोपे, असे कोणी समजू नये. एका श्रेयांकास सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. समजा, अभ्यासक्रम ४० श्रेयांकांचा आहे, तर १२०० तास झाले. वर्षाच्या ५२ आठवड्यांत ते वाटले तर आठवड्यास २३ तास येतात, म्हणजे रोजचे तीन तासांहून अधिक. घरातील माणसांनी एवढी सवड द्यावयाची तयारी ठेवली तरच सुनेने अगर मुलाने नाव घालावे.

दुसरी गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. परंतु मान्यता संस्थेस असून भागत नाही. त्या अभ्यासक्रमास, आणि आपण प्रवेश घेतो त्या सत्रास ती असली पाहिजे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी पाहावयास मिळते. आणखी एक बारकावा आहे. राज्याच्या मुक्त विद्यापीठास दूरशिक्षणासाठी आपल्या राज्याची हद्द असते. मराठीतून शिकावयास मिळेल म्हणून बडोद्याच्या विद्यार्थ्याने नाशिकच्या विद्यापीठाकडे धाव घ्यावी, हे म्हणूनच सरळ जमत नाही. ऑनलाइन पदवीस मात्र हद्दीचे बंधन नाही.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आईचे दागिने गहाण ठेवून एका दूरच्या संस्थेची फी भरली होती. संस्थेचे नाव येथे देत नाही. दोन वर्षांनी पदवी हाती आली. नोकरीच्या मुलाखतीस गेल्यावर ती ग्राह्य नसल्याचे कळले. मुलगी हुशार होती आणि अभ्यासही तिने मनापासून केला होता. दहा मिनिटे यादी पाहिली असती तर दागिने व दोन वर्षे दोन्ही वाचली असती.

तिसरी गोष्ट हाताच्या सवयीची. वर्गीकरणाचे नियम पडद्यावर समजतात. परंतु पुस्तक हाती घेऊन, चाळून, ते कोणत्या विषयाचे हे ठरविण्याचा सराव पुस्तकांशिवाय होत नाही. वाचकाशी बोलण्याचा सराव वाचकांशिवाय होत नाही. म्हणून घरून शिकणाऱ्याने आठवड्यातून निदान एक दिवस एखाद्या ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करावेच. संगणकाचे काम शिकण्यास ‘कोहा’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाने ती तयार करविली व २००० सालापासून वापरात आणली. तेथील माओरी भाषेत ‘कोहा’ शब्दाचा अर्थ भेट असा आहे.

पदवी मिळताच नोकरी दारी येते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जागा थोड्या असतात व उमेदवार पुष्कळ. महाविद्यालयातील ग्रंथपालपदासाठी पदव्युत्तर पदवी आणि बहुधा राष्ट्रीय पात्रता परीक्षाही लागते. शाळा, रुग्णालये, न्यायालये, संशोधनसंस्था व कारखाने यांच्या ग्रंथालयांतही या शिक्षणास मागणी असते. आणि स्त्रियांस ही विद्या परकी नाही. ड्यूईने १८८७ साली न्यूयॉर्कला ग्रंथपालांची शाळा उघडली, तेव्हा पहिल्या २० विद्यार्थ्यांत १७ स्त्रिया होत्या.

अखेर आपल्या घरचे पाहू. संस्थेच्या वाचनालयात वाडवडिलांनी दिलेली पुस्तके आहेत. कित्येकांची पाने पिवळी पडली आहेत. त्यांत काय काय आहे, हे सांगणारे जाणते सभासद वर्षागणिक कमी होत चालले आहेत. ही माहिती त्यांच्याबरोबर गेली तर पुस्तके कपाटात असूनही नसल्यासारखीच होतील. यास्तव आमची विश्वस्त मंडळास नम्र सूचना अशी की, शिष्यवृत्तींपैकी एक दरवर्षी ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलीस अगर मुलास द्यावी. फी थेट मान्यताप्राप्त विद्यापीठाकडे भरावी. आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने आठवड्यातून एक दिवस आपल्या वाचनालयाची सूची करावी. विद्यार्थ्यास सरावासाठी पुस्तके मिळतील, आणि आपल्या पुस्तकांस जाणता हात मिळेल. सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा विचार करावा व संस्थेच्या पुढील वर्षांत ती अमलात यावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही येथे थांबतो.