धातकीची लागवड: एक कर्तव्य

आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण धातकीपुष्पे विकत घेतो. त्यांतील बहुतांश वन्य झुडपांवरून येतात. सर्वच फुले खुडली, तर बीज धरणार कोठून?

माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलांनी बहरणारी धायटी सह्याद्रीच्या उतारांवर आढळते. तिची लागवड आम्ही औषधनिर्मात्यांनी स्वतः करावयास हवी. बी अतिसूक्ष्म असते. ते बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर पसरावे, खोल पुरू नये. झारीने हलके पाणी द्यावे. पावसाळ्याच्या आरंभी रोपे उन्हाच्या, निचऱ्याच्या मुरमाड जागी लावावीत. पाणी साचू देऊ नये. फांद्या न मोडता फुले खुडावीत, काही बीजासाठी राखावीत व उरलेली सावलीत वाळवावीत.

वनातून घेतलेले वनास परत करण्याचा हाच मार्ग आम्हांस दिसतो.