निंदानामे आणि अनुवादक

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मविवादांचे वाङ्मय मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी अडचण सिद्धान्तांपाशी नसून नावांपाशी असते. प्रतिपक्षाचे मत खोडून काढण्याआधी त्याचे नावच विटाळून टाकावे, ही तेथील रूढ रीत होय.

आठव्या शतकातील बायझंटाइन साम्राज्याचे उदाहरण घ्यावे. सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन (राज्यकाल ७४१–७७५) हा पवित्र प्रतिमांच्या पूजेचा कट्टर विरोधक. पूजकांनी त्याला ‘कोप्रोनिमोस’, म्हणजे ‘विष्ठानामा’ म्हटले. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या अर्भकाने जलकुंड मलिन केले, अशी कथा थेओफानेसच्या बखरीत येते. उलट, दमास्कसच्या योहानाचे ‘मन्सूर’, म्हणजे ‘विजयी’, हे कुलनाम सम्राटाने ‘मांझेरोस’, म्हणजे ‘जारज’, असे फिरविले, हेही तीच बखर सांगते. शस्त्र दोघांचेही एकच. परंतु ८४३ मध्ये प्रतिमापूजकांचा अखेरचा जय झाला आणि इतिहासाला चिकटले ते सम्राटाचेच निंदानाम.

इंग्लंडमधील ‘लोलार्ड’ या नावाची कथा याहून बोधप्रद आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ ‘पुटपुटणारा’. त्यात लॅटिन ‘लोलियम’, म्हणजे गव्हातील निदण, या शब्दाचा ध्वनी मिसळला, आणि शुभवर्तमानातील दृष्टान्ताच्या आधारे विक्लिफचे अनुयायी उपटून टाकण्याजोगे ठरले. १३८२ मध्ये हे नाव उच्चारल्याबद्दल हेन्री क्रम्प या पंडिताला ऑक्सफर्डमध्ये निलंबित व्हावे लागले. १३८७ मध्ये तेच नाव वूस्टरच्या बिशपच्या आज्ञापत्रात अवतरले. पाच वर्षांत शिवीची संज्ञा झाली!

येथे अनुवादकाने काय करावे? ‘लोलार्ड’ असेच ठेवले तर डंख नाहीसा होतो. ‘पुटपुट्ये’ म्हटले तर अनुवादकच वादी बनतो. माझ्या मते, वादकाराच्या तोंडी शिवी शिवीच राहावी. प्रस्तावनेत व टीपांत मात्र ‘विक्लिफचे अनुयायी’ असेच लिहावे.

आणि ज्या शब्दाने आपण या सर्वांना सरसकट संबोधतो, तो ‘पाखंडी’ शब्द तरी निर्दोष कोठे आहे? अशोकाच्या बाराव्या शिलालेखातील ‘पासंड’ म्हणजे कोणताही संप्रदाय. तेथे सर्व पासंडांचा आदर सांगितला आहे. ग्रीक ‘हैरेसिस’चाही मूळ अर्थ केवळ ‘निवड’. दोन्ही शब्द पुढे दूषणे झाले. म्हणून ‘पाखंडी’ लिहिणारा अनुवादक नकळत दोन संस्कृतींचे निवाडे एकदमच मान्य करीत असतो. ते मान्य करावयाचे की नाही, हे त्याने निदान जाणून ठरवावे.