सच्छिद्र व स्वयंरचित नॅनोपदार्थ : निर्मिती, गुणधर्म आणि टिकाऊपणाचा प्रश्न

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या निर्मितीसाठी परिचित आहे. फटाक्यांच्या काळ्या दारूत सोरा, गंधक व लाकडी कोळसा हे तीन घटक असतात. यातील कोळसा हे केवळ इंधन नव्हे. मिश्रण घोटताना इतर दोन घटक कोळशाच्या बारीक छिद्रांत दाबले जातात, त्यांचा परस्परसंपर्क वाढतो व ज्वलन वेगाने होते. पदार्थाचे गुणधर्म त्याच्या रासायनिक घटनेप्रमाणेच त्यातील पोकळीवरही अवलंबून असतात, हे यावरून दिसते. मात्र कोळशातील छिद्रे लहानमोठी व अनियमित असतात. ती ठरावीक मापाची कशी करता येतात आणि अशी रचना पाण्यात टिकते का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छिद्रांचे वर्गीकरण :
२ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रे असणारे पदार्थ सूक्ष्मछिद्री, २ ते ५० नॅनोमीटरपर्यंतचे मध्यमछिद्री व त्यापुढील स्थूलछिद्री म्हणून ओळखले जातात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांमध्ये आढळणारी स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट ही झिओलाइट खनिजे पहिल्या गटात मोडतात. त्यांची छिद्रे एकसारखी असल्याने ती रेणूंची मापानुसार निवड करतात. तथापि मोठ्या रेणूंना या छिद्रांत प्रवेश मिळत नाही.

स्वयंरचनेद्वारे निर्मिती :
ही मर्यादा ओलांडणारा एमसीएम-४१ हा सिलिका पदार्थ १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. साबणासारख्या पृष्ठसक्रिय पदार्थाचे रेणू पाण्यात आपोआप एकत्र येऊन दंडगोलाकार पुंजके बनवतात. त्यांच्याभोवती सिलिकाचे जाळे तयार होते. नंतर सुमारे ५५० अंश सेल्सिअसला भाजल्यावर आतील सेंद्रिय भाग जळून जातो आणि मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी मांडणीतील छिद्रे शिल्लक राहतात. अशा पदार्थाच्या एका ग्रॅमचे पृष्ठीय क्षेत्रफळ सुमारे १००० चौ. मी. इतके असू शकते. येथे पृष्ठसक्रिय रेणू साच्याचे काम करतात.

साच्याशिवाय, रेणूंच्या परस्परबंधांतूनच सच्छिद्र जाळे उभारण्याचा मार्ग पुढे विकसित झाला. धातु-सेंद्रिय जालकांवरील अशा कार्यासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टिकाऊपणाची अडचण व पुण्यातील उपाय :
सुव्यवस्थित जाळे तयार होण्यासाठी बंध जुळण्याची क्रिया उलटही घडू शकणारी असावी लागते. चुकीच्या जागी जुळलेला बंध तुटून पुन्हा योग्य जागी जुळला, तरच स्फटिकी रचना साध्य होते. परंतु जो बंध तुटू शकतो तो पाण्यानेही तुटतो. अॅमिन व अल्डिहाइड यांच्या संयोगातून बंध तयार होताना पाणी बाहेर पडते. पाण्याच्या सान्निध्यात हीच क्रिया उलट दिशेने घडू शकते. म्हणजे ज्या गुणामुळे सुव्यवस्था लाभते, तोच गुण ऱ्हासास कारणीभूत होतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर उपाय मांडला. ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल व पॅरा-फेनिलिनडायअॅमिन यांपासून त्यांनी टीपीपीए-१ हे सहसंयुजी सेंद्रिय जालक तयार केले. प्रथम उलट होऊ शकणाऱ्या क्रियेने मांडणी साधते. त्यानंतर रेणूतील एनॉल रूपाचे कीटो रूपात कायमचे रूपांतर होऊन ती मांडणी पक्की होते. हा पदार्थ उकळत्या पाण्यात तसेच ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकला. त्याचे क्षेत्रफळ प्रतिग्रॅम ५३५ चौ. मी., म्हणजे एमसीएम-४१ च्या मानाने कमी आहे; परंतु पाण्यातील उपयोगासाठी क्षेत्रफळाइतकेच टिकाऊपणाला महत्त्व आहे.

याच गटाने २०१३ मध्ये हे जालक खलबत्त्यात, द्रावकाशिवाय व सामान्य तापमानाला घोटूनही तयार होते, असे दाखवले. या पद्धतीने मिळालेल्या पदार्थाचे क्षेत्रफळ मात्र बरेच कमी भरते, कारण घोटण्याने थरांची मांडणी काहीशी विस्कळीत होते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने :
निर्मितीची ही पद्धत ग्रामीण महाविद्यालयाच्याही आवाक्यातील आहे. क्ष-किरण विवर्तन व नायट्रोजन अधिशोषण या चाचण्यांसाठी विद्यापीठ वा राष्ट्रीय संस्थांचे साहाय्य घ्यावे लागते. परंतु नमुना पाण्यात, आम्लात व अल्कलीत ठेवून, धुऊन व वाळवून पुन्हा तपासणे यासाठी खर्चिक साधन लागत नाही. मराठवाड्यासारख्या पाणीटंचाईच्या प्रदेशात जलशुद्धीकरणाचा उद्देश सांगणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधात ही तपासणी असणे आवश्यक ठरते. केवळ कोरड्या नमुन्याचे क्षेत्रफळ नोंदवून तो उद्देश सिद्ध होत नाही.

निष्कर्ष :
सच्छिद्र पदार्थाची उपयुक्तता छिद्रांचे माप, त्यांची सुव्यवस्था व रचनेचा टिकाऊपणा या तिन्हींवर अवलंबून असते. स्वयंरचनेने पहिल्या दोन बाबी साधतात. तिसरीसाठी रासायनिक बंधाची निवड विचारपूर्वक करावी लागते. पुण्यातील संशोधनाने या तिन्हींचा मेळ घालता येतो हे दाखवून दिले आहे.